म्हणींतला मार

वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली: म्हणी आणि वाक्प्रचारांतील हिंसा. त्यामुळे या वेळचे सदर त्या पाच पत्रांनाच दिले आहे.

प्रश्न : पश्चिम इराणमधील लकी भाषेच्या म्हणींत मारझोड, रक्तपात आणि सूड यांची चित्रे येतात, असे नुकतेच वाचनात आले. ज्या समाजाच्या म्हणी हिंसक तो समाज हिंसक, असा निष्कर्ष काढता येतो काय? आपल्या म्हणींना हीच कसोटी लावली तर काय हाती लागेल? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : लकी ही झाग्रोस पर्वताच्या खोऱ्यांत, मुख्यतः लोरेस्तान, केरमानशाह आणि ईलाम या प्रांतांत बोलली जाणारी इराणी कुळातील भाषा आहे. कुर्दी आणि लुरी या दोन भाषांच्या सीमेवर ती उभी असल्यामुळे तिला कोणाच्या पंगतीला बसवायचे, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. हा मुलूख पूर्वापार मेंढपाळ टोळ्यांचा. उन्हाळ्यात कळप घेऊन डोंगरावर चढायचे आणि थंडीत खाली उतरायचे, हा तिथला जीवनक्रम. १९२०च्या दशकात रझा शाहच्या फौजांनी लोरेस्तान शस्त्रबळाने मोडून काढला आणि पुढे या टोळ्यांना सक्तीने एका जागी बसवले. त्या भागात 'खूनबस' नावाची एक जुनी रीत आहे: दोन घराण्यांतील सूड थांबावा म्हणून मारणाऱ्याच्या घरची मुलगी मेलेल्याच्या घरी लग्न करून द्यायची. रक्त थांबते हे खरे, पण त्याची किंमत जिने कोणाचा केसही वाकडा केलेला नाही ती मोजते. 'खून' हा शब्द आपणही फारसीतूनच उचलला आहे. तिकडे त्याचा अर्थ 'रक्त' एवढाच. आपल्याकडे येताना तो थेट हत्येवर येऊन बसला.

अशा मुलखाच्या म्हणींत रक्त दिसले तर नवल नाही, पण त्यावरून माणसे क्रूर ठरवणे मला मान्य नाही, कारण तोच न्याय लावायचा तर आपलीही सुटका नाही. इराणात सर्वत्र ठाऊक असलेली एक फारसी म्हण पाहा: गुन्हा केला बल्खमधल्या लोहाराने आणि मान उडवली शुश्तरमधल्या तांबटाची. बल्ख आज अफगाणिस्तानात आहे आणि शुश्तर इराणच्या नैर्ऋत्येला, लोरेस्तानच्या दक्षिणेला असलेल्या खुझेस्तानात. म्हणजे गुन्हा एका टोकाला, शिक्षा दुसऱ्या टोकाला, आणि दोघांत साम्य एवढेच की दोघेही हातोडा चालवणारे. आपला संन्यासी या तांबटाचा सख्खा भाऊ शोभेल. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' आणि 'चोर सोडून संन्याशाला फाशी' अशी या म्हणीची दोन्ही रूपे ऐकू येतात. राज्य बदलले तशी शिक्षा बदलली, संन्यासी मात्र तोच राहिला.

आता या दोन्ही म्हणी कोणाच्या बाजूने बोलतात ते पाहावे. मान उडवणाऱ्याची फुशारकी त्यांत कोठेही नाही. ज्याची मान गेली त्याच्या शेजाऱ्याने हळू आवाजात सांगितलेली ती हकीकत आहे. मराठीत हिंसा ज्यांत येते अशा म्हणी मी एका बसणीत जुळवून पाहिल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी हाच आवाज कानी आला. 'शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड' ही म्हण शेळीच्या बाजूची आहे. 'मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव' ही उंदराची. 'सुक्याबरोबर ओलेही जळते' ही ओल्या लाकडाची तक्रार आहे. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' या म्हणीत तर सारे रानच बोलते: लोखंडाला दोष देऊन काय उपयोग, त्याच्या हाती आपल्यातलेच लाकूड गेले.

'पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका' ही म्हण मला या सगळ्यांत अधिक विचार करायला लावते. हा गडी आणि मालक यांच्यातला सौदा आहे, आणि त्यात मार खाणारा स्वतःच अटी मांडतो. चाबूक चालेल, मजुरी बंद करू नका. पोट भरलेल्या माणसाला यात लाचारी दिसेल. मला त्यात हिशेब दिसतो: पाठीवरचा वळ आठ दिवसांत जिरतो, चूल आठ दिवस विझलेली चालत नाही. 'दुभत्या गाईच्या लाथा गोड' हा त्याच हिशेबाचा दुसरा, किंचित हसरा भाग.

मारणाऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्या म्हणी नाहीतच असे मात्र समजू नये. 'नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही' ही उघडउघड सक्तीची शिकवण आहे. 'बळी तो कान पिळी' या म्हणीची जात वेगळी. ती बळी माणसाने म्हटली तर धमकी, आणि कान पिळला गेलेल्याने म्हटली तर शेरा. शब्द तेच, पण ओटीवरून आलेले आणि परसातून आलेले यांचा अर्थ निराळा होतो, आणि म्हणींच्या छापील याद्यांत नेमकी हीच गोष्ट हरवते. १८९९ साली मॅनवेरिंग या मिशनऱ्याने मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह संग्रह ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला. पुढे दाते आणि कर्वे यांनी वाक्संप्रदायांचा मोठा कोश सिद्ध केला. या दोन्ही कामांचे आपल्यावर ऋण आहे. पण कोशात म्हण येते ती बोलणाऱ्याला दाराबाहेर ठेवूनच.

प्रश्न : 'नवऱ्याने मारले, पावसाने झोडपले, तर तक्रार कोणाकडे?' ही म्हण माझ्या मुलीच्या शिकवणीच्या वहीत 'असहाय अवस्था होणे' एवढ्या अर्थासह आली आहे. बारा वर्षांच्या मुलीला ही म्हण शिकवावी काय? अशा म्हणी यादीतून काढून टाकणे योग्य नव्हे काय? (एक वाचक, यवतमाळ)

उत्तर : या म्हणीची रूपे अनेक आहेत. कोठे नवऱ्याच्या जागी राजा येतो, कोठे राजा, नवरा आणि पाऊस तिघेही एका ओळीत उभे राहतात. या तिघांत समान काय, तर त्यांच्या वर दाद मागण्याची जागा नाही. ज्या बाईने ही म्हण पहिल्यांदा उच्चारली, तिने आपल्या नवऱ्याला राजाच्या पंक्तीत बसवले हा त्याचा गौरव नसून आपल्या संसाराचे अत्यंत अचूक वर्णन आहे. घराच्या चार भिंतींत एक सत्ता चालते आणि तिच्यावर अपील नाही, ही गोष्ट तिने कोणतेही पुस्तक न वाचता एका वाक्यात मांडली.

ही म्हण मी प्रथम ऐकली ती आजोळी, वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी. शेजारच्या काकू सकाळी ताकाला म्हणून आल्या होत्या. आजी ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. काकूंच्या एका हातात बांगड्या होत्या आणि दुसरे मनगट पदराखाली होते. आजीने काही विचारले नाही, फक्त सूप बाजूला सारले. काकू म्हणाल्या, "नवऱ्यानं मारलं अन् पावसानं झोडपलं, तक्रार कुणाकडं न्यायची, आत्याबाई?" आणि हसल्या. ते हसणे मला तेव्हा खरे वाटले होते. आजी आत गेली, पळीत हळद आणि तेल गरम करून आणले, मनगटाला लावले आणि म्हणाली, "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे." मग ताकाची चरवी भरून दिली. काकू गेल्यावर आजीने सूप पुन्हा पुढे ओढले, पण बराच वेळ ती एकच मूठ निवडत राहिली.

एका बाईने म्हणीत प्रश्न विचारला आणि दुसरीने म्हणीतच उत्तर दिले, पण ते त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. 'चार दिवस सुनेचे' म्हणजे उद्या तुझीही पाळी येईल; मार थांबेल असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. माझ्या आजीकडे त्याहून अधिक काही देण्यासारखे नव्हतेच. कलम ४९८अ दंडसंहितेत आले १९८३ साली, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला २००५ साली, आणि ओसरीवरचा तो प्रसंग या दोहोंच्या खूप आधीचा.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. ही म्हण यादीतून काढू नये. वहीतला अर्थ मात्र खोडावा. 'असहाय अवस्था होणे' या तीन शब्दांत नवराही गेला, मारही गेला आणि प्रश्नचिन्हही गेले. म्हणीच्या शेवटी प्रश्न आहे आणि आज त्याला निदान कायद्यापुरते उत्तर आहे: तक्रार पोलीस ठाण्याकडे, संरक्षण अधिकाऱ्याकडे, न्यायालयाकडे. बारा वर्षांच्या मुलीला हे सांगून ही म्हण खुशाल शिकवावी. तिच्या जोडीला 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' ही म्हणही शिकवावी, कारण मारापेक्षा तोंड दाबणे आधी येते, हे बारकावे तिच्या रचनेतच आहेत. 'साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला' ही म्हण शिकवताना वर्गात हशा पिकेल. पिकू द्यावा. ती जात्यावरच्या बायकांचा आपसातला इशारा आहे आणि हसत हसत दिलेला इशारा अधिक काळ लक्षात राहतो.

काही म्हणींबाबत मात्र माझी भूमिका इतकी मोकळी नाही. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण पायाच्या बाजूने बोलते, वहाणेच्या नव्हे. ती बायकोविषयी वापरली गेली, हलक्या समजलेल्या जातींविषयी वापरली गेली, आणि दोन्ही वेळा तिचे काम समोरच्याला जागा दाखवण्याचे होते. जातींची नावे घेऊन हिणवणाऱ्या म्हणींचा आपल्याकडे एक मोठा गठ्ठाच आहे. त्यांतली एकही येथे उद्धृत करण्याची माझी इच्छा नाही. अशा म्हणी कोशात राहाव्यात, कारण पुसून टाकलेल्या पुराव्याचा उपयोग नेहमी आरोपीला होतो. शाळेच्या यादीत त्यांचे काही काम नाही.

'एका हाताने टाळी वाजत नाही' या निरुपद्रवी म्हणीबद्दलही एक शब्द लिहितो, कारण तिचा वापर मला त्या गठ्ठ्याइतकाच खटकतो. दोघांच्या भांडणापुरती ती ठीक आहे, पण मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला जेव्हा वडीलधारी मंडळी हे वाक्य ऐकवतात, तेव्हा टाळी आणि थप्पड यांतला फरक ते सोयीस्करपणे विसरलेले असतात. थप्पड एका हाताने उत्तम वाजते.

प्रश्न : 'छडी लागे छमछम, विद्या येई घमघम' यासारखे वचन इतर भाषांत आहे काय? मारामुळे विद्या येते हा समज आला कोठून? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : तंतोतंत जुळी बहीण इराणातच सापडते: 'चूब-ए मोअल्लेम गोल अस्त, हर के नखोरद खोल अस्त.' गुरुजींची छडी म्हणजे फूल, ती न खाईल तो खुळा. गोल आणि खोल यांचे यमक आपल्या छमछम-घमघमसारखेच आहे, आणि दोन्हींकडे यमकाचे काम एकच: वळाला ताल लावला की तो गाण्यासारखा वाटू लागतो. याहून जुना दाखला सादीच्या १२५८ सालच्या गुलिस्ताँमध्ये आहे. तेथे एक बादशहा आपल्या मुलाला शाळेत घालताना त्याच्या हाती चांदीची पाटी देतो, आणि पाटीवर सोन्याच्या अक्षरांत लिहिलेले असते की गुरूचा जाच बापाच्या मायेपेक्षा बरा. पाटी चांदीची, अक्षरे सोन्याची, आणि मजकूर जाचाचा. आपल्याकडे पाटी दगडी होती, एवढाच काय तो फरक.

समज कोठून आला याचे एक साधे उत्तर देता येते. मार खाऊन शिकलेला माणूस पुढे मोठा झाला की तो आपल्या यशाचे श्रेय माराला देतो. जो मारामुळे शाळा सोडून गेला, त्याला कोणी म्हण रचायला बोलावत नाही. 'मांजराचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत' हा त्याच समजाचा घरगुती अवतार आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा असून त्याच्या कलम १७ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली आहे. छमछम तेव्हापासून बेकायदा आहे, हे आपल्या काही सहकाऱ्यांना अजून आवडलेले नाही, हे आपल्या पत्रातूनही जाणवते.

जाता जाता तुकोबांच्या एका ओळीची गंमत सांगतो. 'भले तरी देऊ कासेची लंगोटी, नाठाळाच्या माथी हाणू काठी' अशी ती सर्वांच्या तोंडी आहे. मूळ गाथेत लंगोटीच्या आधीचा शब्द बराच रोखठोक आहे. तो चारचौघांत उच्चारता येईना म्हणून 'कासेची' झाला. म्हणजे आपल्या शिष्ट समाजाला लंगोटीच्या आधीचा शब्द बोचला, पण पुढची काठी कोणालाही बोचली नाही.

प्रश्न : 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आमच्या कार्यालयात टंकलेखनातील चुकीसाठी रोज वापरला जातो. त्यामागील घटना इतकी भीषण असताना हे योग्य आहे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला ठार केले. त्याला पकडण्याच्या हुकुमातील 'धरावे' या शब्दाचे आनंदीबाईने 'मारावे' केले, अशी आख्यायिका आहे. तिला निर्विवाद पुरावा नाही, पण भाषेला पुरावा लागत नाही. एका अक्षराने माणूस मेला ही कल्पनाच इतकी धारदार होती की ती टिकली. आज कारकून त्याच अक्षरांवरून एकमेकांची थट्टा करतात. मला त्यात अयोग्य काही वाटत नाही. उलट कागदावर लिहिणाऱ्या माणसाच्या हाती केवढी सत्ता असते, याची ती रोजची आठवण आहे.

घटना दूर गेली की तिचे रक्त वाळते आणि भाषेत फक्त आकार उरतो, असा अनुभव येथे पुन्हा पुन्हा येतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले त्याने महाराष्ट्रातील असंख्य घरे रिकामी झाली; आज क्रिकेटचा संघ ऐंशी धावांत बाद झाला की वार्ताहर 'पानिपत झाले' असे लिहून मोकळा होतो. हत्तीच्या पायी देणे ही तर खरोखरीची शिक्षा होती. १८०१ साली दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात तशीच दिली आणि पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकराने हडपसरच्या लढाईत त्याचे उट्टे काढले; बाजीराव पळाला, वसईला इंग्रजांशी तह करून बसला, आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. आज 'हत्तीच्या पायी द्या' असे आपण नापास झालेल्या भाच्याविषयी म्हणतो. कडेलोट हा शब्द किल्ल्याच्या कड्यावरून सहनशीलतेवर उतरला. सुळावरची पोळी आता एखादी धोक्याची पण लाभाची नोकरी असते.

'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' हे शब्द मात्र इतक्या वर्षांत मऊ झालेले नाहीत. वापरून पाहा, ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. त्याचे कारण उघड आहे: सूळ गेला, हत्ती गेला, बुक्की अजून घरात आहे.

प्रश्न : आपण 'मार खाणे' असे का म्हणतो? मार हा काय खाण्याचा पदार्थ आहे? (इयत्ता आठवीतील एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण बोलणी खातो, शिव्या खातो, गटांगळ्या खातो, हवाही खातो, जे अंगावर येते आणि परत करता येत नाही ते मराठीत खाल्लेच जाते. फारसीतही नेमके हेच आहे. तिकडेही माणूस मार 'खातो', छडी 'खातो', वर दिलेल्या म्हणीतला 'नखोरद' म्हणजे 'न खाईल' हाच. दुसऱ्या बाजूला 'मारणे' हे क्रियापद आपण इतके सैल सोडले आहे की गप्पा मारतो, हाक मारतो, मिठीही मारतो आणि त्यात कोणालाही लागत नाही. फारसीत तर बोलण्यालाच 'हर्फ झदन' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'शब्द मारणे'.

याच घरातला एक शब्द तू मोठ्यांच्या तोंडी ऐकला असशील: मुका मार. रक्त येत नाही, कातडी फाटत नाही, आत मात्र ठणका असतो, अशा दुखापतीला हे नाव आहे. पोलिसांच्या कागदांतही ते येते. काठीने, बुक्कीने, लाथेने होणारी दुखापत बहुधा याच सदरात पडते. डॉक्टर तपासताना बोटाने हळूच दाबत जातात, आणि कोठे दुखते ते माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते.